सहा बोटं आणि एक वळसा : पाण्याकाठच्या वसाहतीच्या प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी २०२४

जागेवरचा पहिला दिवस. खाडीच्या कडेनं आठशे मीटर, आत पाचशे मीटर, म्हणजे चाळीस हेक्टर. खालच्या टोकाला मोडका मालधक्का, वरच्या टोकाला दोनेक हेक्टर पाणथळ, आणि मधे कधीकाळी कुणीतरी आणून ओतलेला भराव. मालकांची मागणी एका वाक्यात मावते: जास्तीत जास्त घरांच्या मागच्या दारी पाणी हवं.

संध्याकाळी बसून पहिला आराखडा काढला. खाडीतून आत शिरणारे आणि आत बंद होणारे सहा कालवे, तळहाताला बोटं असावीत तसे. प्रत्येक ४२० मीटर लांब, २५ मीटर रुंद. दोन्ही काठ धरले तर एका बोटाला ८४० मीटर, सहा बोटांना ५,०४० मीटर काठ. भूखंडाची रुंदी १८ मीटर धरली की २८० घरं थेट पाण्यावर. सोबत पोर्त ग्रिमोची छायाचित्रं लावली. फ्रांस्वा स्पोएरी यांनी १९६६ पासून सेंट त्रोपेच्या आखातातल्या दलदलीत वसवलेलं गाव, दारातच होडी बांधायची सोय. बैठकीत सगळे खूश. इतिवृत्त लिहिणाऱ्यानं 'सहा बोटी' असं टंकलं, ते कुणी दुरुस्तही केलं नाही.

२६ फेब्रुवारी

दोन नकाशे जुळत नाहीत. मोजणीवाल्यानं जमिनीच्या पातळ्या सरासरी समुद्रपातळीपासून दिल्यात. खाडीच्या खोलीचा नकाशा जहाजवाल्यांचा आहे, आणि त्यांचा शून्य म्हणजे ओहोटीचं जवळजवळ सर्वांत खालचं पाणी. दोन शून्यांत ५२ सेंटिमीटरचा फरक. मी दोन्ही आकडे एकाच उभ्या छेदावर मांडून मोकळा झालो होतो. धक्क्यावर ठोकलेल्या पातळी-पट्टीवरचं पाणी आणि माझ्या कागदावरचं पाणी वेगळं दिसायला लागलं तेव्हा उमगलं.

लाउफेनबुर्गच्या पुलाची गोष्ट आठवली. जर्मनी आणि स्वित्झर्लंडची उंची मोजायची शून्यं वेगळी, फरक २७ सेंटिमीटर. तो त्यांना माहीत होता, हिशेबातही धरला होता, पण उलट्या चिन्हानं. २००३ साली काम चालू असताना दोन बाजूंत ५४ सेंटिमीटरचा फरक निघाला. आपण तर फरक धरलाच नव्हता. आजपासून प्रत्येक कागदावर 'पातळी: सरासरी समुद्रपातळी' असा शिक्का. शिक्का खरोखरच बनवून घेतला आहे.

२७ मार्च

परवा पौर्णिमा झाली, विषुवदिनही नुकताच गेला. म्हणजे वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी हे एक. रात्री मोजणीवाल्यासोबत पट्टीपाशी बसलो. पाणी अधिक ०.४७ मीटरपर्यंत, म्हणजे सरासरी समुद्रपातळीच्या तेवढं वर चढलं. जमीन सरासरी अधिक १.४ वर आहे, त्यामुळे काठावरून पाणी आत यायचा प्रश्नच नव्हता. तरी मागच्या बाजूला चिखलात पाय बुडाला. टॉर्च मारून शोधलं तर जुन्या भरावाखालून येणारा एक मोरीचा पाइप सापडला. पाणी समोरून आलंच नाही, पाठीमागून आलं.

४ एप्रिल

आज भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती. दिवसभरात पाण्याची वर-खाली जेमतेम ३५ सेंटिमीटर. मोजणीवाला म्हणाला, "साहेब, आज पाण्यानं सुट्टी घेतलीय." हसलो, पण मग बोटांचा विचार मनात आला. अडीच मीटर खोल कालव्यात दोन-चार दिवस इतकंच पाणी हलणार असेल, तर शेवटच्या घराच्या मागच्या दारी कोणतं पाणी असेल?

१८ एप्रिल

जोत्याची पातळी ठरवायची बैठक. सगळे आकडे एकावर एक रचले: उधाणाची भरती ०.५, वादळात खाडीत चढणारं जादा पाणी १.२, पुढच्या काळातली समुद्राची वाढ ०.८, लाटा आणि सुरक्षेसाठी ०.७. बेरीज अधिक ३.२.

वाद अपेक्षेप्रमाणे ०.८ वरच झाला. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालात २१०० पर्यंतची संभाव्य वाढ, उत्सर्जन कसं राहील त्यानुसार, ०.२८ ते १.०१ मीटर अशी दिली आहे. १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सरासरी ०.२० मीटर वाढला. मालकांच्या हिशेबनीसाला ०.३ पुरेसे वाटत होते. मी म्हटलं, घर शंभर वर्षं टिकावं असं म्हणतो आपण, मग पाणीही शंभर वर्षांचं धरू. ०.८ राहिलं. रस्ते अधिक २.८ वर, घराची जमीन ३.२ वर.

९ मे

मातीचा ताळेबंद मांडला आणि हबकलो.

पाणथळ आणि कालवे सोडले तर बत्तीसेक हेक्टर जमीन सरासरी १.४ मीटर उचलायची. भरावाच्या वजनानं खालचा चिखल अर्धा मीटर बसेल, तेवढा जास्त घालायचा. म्हणजे सहा लाख घनमीटरच्या वर. सहाही बोटं खणून निघतात सुमारे २,४६,००० घनमीटर. तूट साडेतीन लाखांहून अधिक. शिवाय निघेल त्यातला खालचा भाग मऊ काळा चिखल. तो भरावात चालत नाही, उलट तो टाकायलाच जागा शोधावी लागते.

गाळ उपसणाऱ्या ठेकेदारानं झटकन उपाय सांगितला: कालवे दोन मीटर आणखी खोल करा. ड्रेजर जागेवर असेलच, माती मिळेल, मोठ्या होड्याही येतील. ऐकायला गोड. पण खाडीचा तळ मुखापाशी उणे २.८ आहे, आणि हा म्हणतो कालव्याचा तळ उणे ४.५ करा. मुखापेक्षा पोट खोल. त्या खड्ड्यातलं पाणी ओहोटीला बाहेर पडणार कसं? वरचा थर ये-जा करेल, तळाचा तिथेच राहील. त्यात पानं, काडीकचरा, बागांची खतं उतरणार, ते कुजताना प्राणवायू संपणार, आणि मग तो सडक्या अंड्यासारखा वास.

फ्लॉरिडातल्या केप कोरलचा नकाशा भिंतीवर लावलाय. १९५७ पासून खणत गेलेले कालवे, एकूण चारशे मैलांहून जास्त. कालव्याची माती काढायची, शेजारच्या भूखंडावर टाकायची, आणि भूखंड पाण्याकाठचा म्हणून विकायचा. हिशेब इतका चोख की मोह न पडणं कठीण. माझी सहा बोटंही त्याच हिशेबातून उगवली होती, फक्त मी त्याला रचना म्हणत होतो.

२१ मे

मालकांना समीकरणं दाखवून उपयोग नाही, हे मागच्या बैठकीत कळलं. म्हणून प्रतिकृती. प्लायवूडचा मोठा ट्रे, आतून फायबरचा लेप. आडवं माप १:४००, उभं १:५०. दोन्ही एकच ठेवलं असतं तर भरती दीड मिलिमीटरची झाली असती आणि पाणी नुसतं कडांना चिकटून बसलं असतं.

असं वेगवेगळं माप घेतलं की वेळही आकसतो. आडव्या मापाला उभ्या मापाच्या वर्गमुळानं भागायचं: ४०० भागिले ७.०७, साधारण ५७ पट. खऱ्या भरती-ओहोटीचं चक्र १२ तास २५ मिनिटांचं, ट्रेमधे ते तेरा मिनिटांचं. खाडीसाठी अर्धा मीटर रुंद पन्हळ, वरच्या टोकाला नळाची बारीक धार म्हणजे नदीचं पाणी. भरतीचं यंत्र म्हणजे वीस लिटरची बादली, एक नळी आणि दोरी. साडेसहा मिनिटं बादली वर, साडेसहा मिनिटं खाली. पाणी बरोबर बारा मिलिमीटर हलतं.

२४ मे

बोटांच्या टोकांना थोडं मीठ कालवलेलं पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी सोडलं. पाच बोटं उणे २.५ च्या खोलीची, चौथं मुद्दाम ठेकेदाराच्या उणे ४.५ चं. मग बादली. वर, खाली, वर, खाली. ऑफिसातले सगळे पाळीपाळीनं दोरी धरत होते.

पहिल्या भरतीला जांभळा रंग आत ढकलला गेला, ओहोटीला वीतभर बाहेर आला. दुसऱ्या भरतीला तोच परत आत. इथेच खरी गोम आहे. बोटातून जे पाणी बाहेर पडतं ते मुखापाशीच घुटमळतं, आणि पुढची भरती त्यालाच उचलून परत आत आणते. कागदावर प्रत्येक भरतीला वीस टक्के पाणी बदलतं असं दिसतं. बदलतं ते मुखाजवळचं.

वीस भरत्या केल्या. चार तास वीस मिनिटं, म्हणजे खाडीतले दहा दिवस. मुखाजवळचा तिसरा हिस्सा स्वच्छ, मधला फिका, टोकाचा सकाळी होता तसाच. चौथ्या बोटात वरून पाहिलं तर पाणी बऱ्यापैकी निवळलेलं. काचेची नळी तळाशी घालून वर काढली, तर नळीत खाली गडद जांभळा थर. मालक चार वाजता आले. त्यांनी ती नळी हातात घेतली, उजेडात धरली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आणि वास?" वासाची प्रतिकृती करता येत नाही, असं मी म्हणालो.

२५ मे

आज ट्रेमधली बोटं मातीनं बुजवली आणि त्याऐवजी एक वळसा खणला. खालच्या टोकाला आत शिरायचं, मागून फिरून वरच्या टोकाला बाहेर पडायचं. दोन तोंडं. एका तोंडाशी आणि दुसऱ्या तोंडाशी पाण्याच्या पातळीत केसभर फरक राहतो, आणि तेवढ्यावर पाणी आरपार सरकतं. सहाव्या भरतीला रंग जवळजवळ गेला. फक्त मागच्या दोन काटकोनी कोपऱ्यांत थोडा फिरत राहिला. कोपरे मातीनं गोलसर केले, परत रंग सोडला, पाचव्या भरतीला साफ.

दुबईच्या पाम जुमेराह या कृत्रिम बेटाच्या बाहेरच्या लाटरोधकालाही पाणी खेळतं राहावं म्हणून नंतर दोन ठिकाणी वाट ठेवावी लागली होती. समुद्रात बेट रचणाऱ्यांचं जे झालं तेच आमच्या प्लायवूडमधे. एका बादलीनं बरंच वाचवलं.

१२ जून

बोअरहोलचे निकाल. ऑफिसात ज्यांना आम्ही 'मातीवाल्या बाई' म्हणतो त्या सल्लागार सगळे नमुने घेऊन आल्या. वर तीनेक मीटर जुना भराव: विटांचे तुकडे, राख, लाकूड. त्याखाली नऊ मीटर काळा मऊ चिखल. मग कडक थर. चार नंबरच्या बोअरला मात्र चिखल सोळा मीटर.

बाई म्हणाल्या, "इथे काहीतरी होतं." दुपारी जुने नकाशे उलगडले. सर्वांत जुन्या नकाशात खाडीची एक शाखा बरोबर चार नंबरवरून जाते. नंतरच्या नकाशात ती नाही, तिथे लाकडाचं आवार आहे. बुजवली, विसरली.

आमचा वळसा त्या शाखेपासून साठ-सत्तर मीटरवर होता. तो सरळ तिच्यावरच आणून ठेवला. सर्वांत वाईट जमिनीवर घरं आणि भराव टाकण्यापेक्षा तिथे पाणीच राहू दे. शिवाय तिची वळणं आयतीच गोल आहेत. माझ्या वळणांपेक्षा चांगली, हे मान्य करायला हवं.

१ जुलै

नवा आराखडा मालकांसमोर. वळसा १,२०० मीटर लांब. दोन्ही काठ धरून २,४०० मीटर. १८ मीटरच्या भूखंडांनी मोजलं तर २८० घरांची १३३ झाली. खोलीत शांतता.

मग अॅमस्टरडॅमचं बोर्निओ-स्पोरेनबुर्ग दाखवलं. जुन्या गोदीतले दोन धक्के, 'वेस्ट एट' या रचनाकार संस्थेचा आराखडा, सुमारे २,५०० घरं, हेक्टरी शंभर, आणि तरी बहुतेक घरं बुटकी आणि थेट रस्त्याला दार असलेली. तिथे एका ओळीत ६० भूखंड वेगवेगळ्या लोकांना बांधायला दिले, रुंदी सव्वाचार ते सहा मीटर. घर अरुंद, पण खोल आणि उंच, मागे पाणी. आपण सहा मीटरची रुंदी धरली तर फक्त बाहेरच्या एका काठावर दोनशे घरं बसतात. आतला काठ मोकळा राहतो. त्या मोकळ्या काठाचं काय करायचं हे मुद्दामच पुढच्या बैठकीवर ठेवलं. एका दिवसात एकच घास.

६ ऑगस्ट

दुसरा घास घशात अडकला.

माझा प्रस्ताव: वळशाचा आतला काठ आणि खाडीचा सगळा आठशे मीटर काठ सार्वजनिक. कुंपण नाही, फाटक नाही, कुणीही यावं, चालावं, बसावं. विक्री विभागाचं म्हणणं: पाण्याकाठचं घर लोक एकांतासाठी घेतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी नाही.

स्वीडनमधल्या माल्मोचं बो-शून्य-एक मांडलं. २००१ च्या गृहप्रदर्शनासाठी जुन्या बंदरावर बांधलेली वस्ती. समुद्राच्या बाजूचा लाकडी फरसाचा काठ सगळ्यांना खुला, आणि तिथे बसायला शहरभरातून माणसं येतात. न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्क सिटीत १९७९ च्या आराखड्यानं शहराचे रस्ते सरळ पाण्यापर्यंत नेले आणि काठावरचा पदपथ हा सगळ्या ३७ हेक्टरांचा कणा केला. भराव घालून तयार केलेली नवी जमीन, पण शहराचाच पुढचा भाग वाटते. दोन्हीकडे काठ खुला असूनही मागच्या घरांची किंमत पडली नाही, हा मुद्दा मी तीन वेळा सांगितला. तिसऱ्यांदा जरा आवाज चढला, ते टाळायला हवं होतं.

निर्णय नाही.

२० ऑगस्ट

निर्णय झाला, पण माझ्या युक्तिवादानं नाही. विम्याचा आणि देखभालीचा कागद आला. काठ खाजगी असेल तर दोनशे मालकांच्या दोनशे भिंती. एकाची भिंत कलली तर शेजारच्याचं अंगण जातं, आणि दुरुस्तीच्या यंत्राला जायला वाट नाही. काठ सार्वजनिक असेल तर एकच भिंत, एकच वाट, एकच जबाबदार. मालक म्हणाले, "पदपथ करा." कारण कुठलं का असेना.

१७ सप्टेंबर

काठाचे छेद. थोडक्यात लिहून ठेवतो. घरांच्या बाजूला शीट पाइलची, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या जाड पत्र्यांची उभी भिंत, समोरच्या बाजूला दगडांचा उतार. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती केल्या तर होडीनं उठवलेली लाट या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहते. उभी भिंत लाट जवळजवळ सगळीच परत फेकते, भिंतीपाशी उंची दुप्पट होते, आणि पायाची माती उकरली जाते. दगडांचा उतार लाट गिळतो.

भिंतीला दर तीस मीटरला शिडी, ओहोटीच्या पाण्याखालीही दोन पायऱ्या. पडलेल्या माणसाला गुळगुळीत भिंत म्हणजे विहीर. सुरुवातीच्या चित्रात मी एकही शिडी काढली नव्हती.

८ ऑक्टोबर

मातीची तूट अजून छळतेय. वळशात बोटांपेक्षा निम्मंच खोदकाम, म्हणजे तूट वाढली. उत्तर हाम्बुर्गच्या हाफेनसिटीतून मिळालं. ती सगळी वस्ती, १५७ हेक्टर, मुख्य पूररोधक बांधाच्या बाहेर आहे, आणि १९६२ च्या वादळी पुरात त्या शहरात ३१५ माणसं गेली होती. तरी त्यांनी वस्तीभोवती भिंत घातली नाही. इमारती समुद्रपातळीपासून आठेक मीटर उंचीच्या जोत्यांवर, जोत्यांच्या पोटात गाड्या, आणि काठावरचे पदपथ खालीच ठेवलेले. मोठं पाणी आलं तर पदपथ बुडतात, बुडू द्यायचे. माणसांना बाहेर पडायला वरच्या पातळीवरचे रस्ते आणि पूल.

तेच इथे. सगळी जमीन उचलायचीच नाही. घरांची जोती आणि एक मुख्य रस्ता वर, बाग आणि पदपथ खाली, अधिक १.६ वर. उचलायची जमीन वीस हेक्टरांवर आली, बाहेरून आणायचा भराव जवळजवळ निम्मा झाला.

किंमत कुठे मोजावी लागली ते लिहायला हवं. पदपथ आणि घराची जमीन यांत आता १.६ मीटरचा फरक. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा उतार म्हणजे १९.२ मीटर, वर मधले सपाट टप्पे. असे उतार अकरा ठिकाणी बसवताना दोन आठवडे गेले. एका ठिकाणी अजून नीट बसत नाही.

१४ नोव्हेंबर

निचरा-पट्ट्या खोवायचं काम सुरू. जागेवर सगळे 'विक' म्हणतात. प्लास्टिकचा चपटा पट्टा, कापडात गुंडाळलेला, यंत्रानं चिखलात उभा खुपसायचा.

मजुरांना याचा अर्थ बाईंनी फार छान समजावला: "भरावाचं वजन पडलं की चिखलातलं पाणी पिळून निघतं. ते निघालं की जमीन बसायची थांबते. पण पाण्याला बाहेरची वाट लांब आहे. वाट निम्मी केली की वेळ पाव होतो." टेरझागींचं १९२५ चं सूत्र ते हेच. आमच्या चिखलाचा वेग धरला तर नुसत्या भरावाखाली नऊ मीटरचा थर नव्वद टक्के बसायला साठ-सत्तर वर्षं लागतील. दर १.३ मीटरवर पट्टी खोवली तर सात-आठ महिने.

मालकांचा नेहमीचा प्रश्न: आधी घरं बांधली तर? खांबांवरची घरं जागेवर राहतील आणि अंगण, रस्ता, गटारं अर्धा मीटर खाली जातील. जिन्याला तीन पायऱ्या वाढतील. जपानमधल्या कानसाईचं भराव घालून केलेलं बेट, विमानतळ १९९४ ला उघडला तेव्हाही बसतच होतं, आणि भराव घातल्यापासून आजवर दहा मीटरहून अधिक खाली गेलंय. तिथे मोठमोठे इंजिनिअर होते आणि चिखल कसा आहे हे त्यांना माहीत होतं.

३ डिसेंबर

पाण्याखाली पसरलेली वाळू सैल राहते. भूकंपात अशी जलसंपृक्त वाळू क्षणभर पातळ होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात १९८९ ला नेमकं हे झालं, आणि तो भागही १९१५ च्या प्रदर्शनाच्या वेळच्या भरावावर आहे. धक्क्याच्या बाजूचा वाळूचा पट्टा कंपनानं घट्ट करून घ्यायचा. मंजूर.

१० जानेवारी २०२५

भराव पूर्ण, त्यावर एक मीटर जादा माती. हे वजन नंतर काढून घ्यायचं. जमीन किती बसली ते मोजायला बारा सेटलमेंट प्लेट बसवल्या. नेहमीच्या वजनाखाली जमीन ५०० मिलिमीटर बसेल असा अंदाज. बाईंची अट: ५५० ओलांडल्याशिवाय आणि वेग मंदावल्याशिवाय जादा माती हलवायची नाही. आता थांबायचं.

१० मार्च

सरासरी ३०८. सात नंबर ३१५.

१० मे

सरासरी ४६८. सात नंबर ४९२. ठेकेदार म्हणाला, "सात नंबर सगळ्यांच्या पुढे आहे." बाई काही बोलल्या नाहीत, वहीत लिहून घेतलं.

१९ जून

रात्रभर पाऊस. पावसाच्या पाण्याच्या गटारांना मुखाशी झडपा आहेत, खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून. ती मोरी आठवा. पण खाडी चढली की झडप बंद, आणि त्याच वेळी पाऊस कोसळत असेल तर आतलं पाणी जाणार कुठे? काल दोन तास झडपा बंद होत्या आणि खालच्या बागेची जागा तळं झाली होती.

ते बरंच झालं. कॅलिफोर्नियातल्या फॉस्टर सिटीत वस्तीमधलं सरोवर हेच काम करतं, पावसाळी हंगामाआधी त्याची पातळी मुद्दाम उतरवून ठेवतात. आमच्या वळशात खाडीच चढते-उतरते, तिथे साठवण नाही. म्हणून साठवण बागेत. बागेची मधली खोली आणखी चाळीस सेंटिमीटर वाढवली. विक्रीच्या चित्रांत तिथे मुलांची खेळणी दाखवली आहेत, ती वरच्या कडेला सरकवायला सांगितलं.

१० जुलै

सरासरी ५५१. ठेकेदारानं ट्रक बोलावून ठेवलेले. बाईंनी कागद पसरला. असाओका यांची १९७८ ची रीत: प्रत्येक वाचन आधीच्या वाचनासमोर मांडायचं, बिंदू एका सरळ रेषेत येतात, आणि ती रेष पंचेचाळीस अंशांच्या रेषेला जिथे छेदते तिथे जमीन थांबणार. अकरा प्लेट ६४० च्या आसपास छेदतात. सात नंबरची रेष वाकते आणि छेदायचं नावच घेत नाही. तिचं वाचन ६०४.

कारण सापडायला तासभर लागला. सात नंबर जुन्या शाखेच्या कडेला आहे, तिथे चिखल पंधरा-सोळा मीटर. विकचं यंत्र सगळीकडे चिखलात अकरा मीटरपर्यंतच गेलं होतं, कारण सरासरी चिखल नऊ मीटर. वरचे अकरा मीटर पटकन पिळले गेले म्हणून आकडा पुढे दिसला. खालचे पाच मीटर अजून जागेही झालेले नाहीत. बोअरहोलचा अहवाल माझ्या टेबलावर वर्षभर होता. यंत्राची लांबी ठरवताना तो कुणी उघडला नाही, मीही नाही.

सात नंबरच्या पट्ट्यात नव्यानं खोल विक मारायचे. बाकीची जादा माती काढायला परवानगी.

१० सप्टेंबर

सरासरी ५९५, सात नंबर ६८३. या आठवड्यात वळशाचं खोदकाम संपलं. मुखापेक्षा कुठेही खोल नाही, तळ उणे २.५, वरच्या तोंडाकडे किंचित चढता.

२४ सप्टेंबर

परवा अमावास्या झाली, आज उधाण. खालच्या तोंडाचा मातीचा बांध सकाळी फोडला आणि वळशात पहिल्यांदा पाणी आलं. वरच्या तोंडाचा बांध तसाच आहे, कारण सात नंबरच्या पट्ट्याकडे जाणाऱ्या ट्रकांचा रस्ता त्यावरूनच जातो.

मालक पाहायला आले. पाणी भरलेला काठ, दगडांचा उतार, भिंतीवरच्या शिड्या, सगळं त्यांना आवडलं. पदपथावरून चालत आम्ही मागच्या वळणापर्यंत गेलो. तिथून पुढे, वरच्या बांधापाशी, पाण्यावर लाकडाचा भुसा आणि फेस साचला होता. सकाळच्या भरतीनं आत आणलेला. ओहोटी सुरू होऊन दोन तास झाले होते, तो हललेला नव्हता.

"हे असंच राहणार?"

"दुसरं तोंड उघडलं की नाही."

"मग उघडा की."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी वही उघडून आजचं वाचन दाखवलं. सात नंबर: ६९६.